पिवळा पाळक

शिरड शहापुरात चहाला ‘नको’ म्हणता येत नाही. ‘आत्ताच झाला’ म्हणता येतं. पण त्यावर ‘मग अर्धा घ्या’ हे उत्तर तयार असतं, आणि अर्धा म्हणजे कप भरून बशीत उतरलेला. औंढा नागनाथहून वसमतकडे जाताना लागणारं हे गाव. बाहेरचे लोक ते मल्लिनाथाच्या दिगंबर जैन क्षेत्रामुळे ओळखतात, आतले हळदीमुळे. मी इथला पाळक. म्हणजे गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर विखुरलेली आमची थोडी घरं, पत्र्याच्या खोलीत भरणारी रविवारची उपासना आणि किक मारल्यावर विचार करून सुरू होणारी एक मोटरसायकल, एवढ्या पसाऱ्याचा मेंढपाळ. गाव मला पादरीबाबा म्हणतं, फादर म्हणतं. मी प्रोटेस्टंट, लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप. तरी ‘फादर’ला ओ देतो. बाप तर आहेच.

प्रोटेस्टंट पाळकाला उपवासाची सक्ती नाही. उलट आमच्या परंपरेतला एक गाजलेला धडा खाण्यातूनच निघाला. १५२२ च्या लेंटमध्ये झुरिक शहरात फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी मंडळी जमली आणि त्यांनी ऐन उपवासाच्या दिवसांत मुद्दाम सॉसेज खाल्ले. सुधारक झ्विंग्ली तिथे हजर होता. त्याने स्वतः तुकडाही तोंडात घातला नाही, पण नंतर खाणाऱ्यांची बाजू घेणारं खणखणीत प्रवचन मात्र दिलं. न जेवता जेवणावर बोलणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. आम्हा पाळकांना दोन्ही जमतं, फक्त एका वेळी एकच.

तर सक्ती नसताना मला उपवास का सुचला? २०२५ साल होतं. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र झाली आणि आख्खी पंचक्रोशी साबुदाणा खाऊन औंढ्याला गेली. २ मार्चला रमजान सुरू झाला. ५ मार्चला आमचा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या लेंटची सुरुवात. त्याच्या मागोमाग जैनांची फाल्गुनातली अष्टाह्निका, म्हणून समोरचे किराणावाले शेठ एकभुक्त राहू लागले. डावीकडे उपाशी, उजवीकडे उपाशी, आणि मधल्या घरातून रोज सकाळी फोडणीचा खमंग वास. हे काही बरं दिसेना. म्हणजे बघा, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू सांगतात की उपवास लोकांना दिसण्यासाठी करू नका, आणि माझी सुरुवातच ‘बरं दिसेना’पासून झाली.

त्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपवास, तिन्ही गोष्टी गुपचूप करायला सांगितल्या आहेत. दान डाव्या हाताला कळू न देता, प्रार्थना खोलीचं दार लावून, आणि उपवास करायचा तर तोंड सुकवून हिंडायचं नाही. डोक्याला तेल लावायचं, तोंड धुवायचं आणि नेहमीसारखं वागायचं. मी ठरवलं की ईस्टरपर्यंत सूर्योदय ते दिवेलागण फक्त पाणी, आणि कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही. बायकोला सांगावं लागलं, कारण स्वयंपाक ती करते. ती म्हणाली, “कोणाला सांगू नका म्हणता ते ठीक, पण तुम्हाला भूक लागली की तुमचा चेहराच सांगतो.” मी तेलाची बाटली घेतली आणि डोकं चांगलं थबथबवलं.

पहिल्याच सकाळी एका वस्तीवर आजारी माणसासाठी प्रार्थना करायला गेलो. प्रार्थना संपायच्या आत, ‘आमेन’च्या दोन वाक्यं अलीकडेच, स्टोव्हचा आवाज ऐकू आला. कप आला. मी हात जोडून म्हणालो, “आज राहू द्या, आजी.”

आजींनी कप तसाच धरून ठेवला. “कामून?”

“असंच.”

“आमच्या हातचं चालंना का आता?”

यावर काय बोलणार? त्या आजींच्या लहानपणी त्यांना वरून ओतलेलं पाणी ओंजळीत धरून प्यावं लागलं होतं. तशा घरात येशूचं नाव घेऊन येणाऱ्याने कप परत करायचा आणि कारणही सांगायचं नाही? लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन केलं आहे, हसता हसता ठसका लागतो. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी काही काळ आपलं सोवळं सांभाळून होत्या. मग त्यांनी विचार केला आणि ते टाकून दिलं. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी मी डोंगरावरील प्रवचनाच्या आधाराने नवं सोवळं काढून बसलो होतो. मी कप घेतला. बशीत ओतून प्यायलो, शेवटचा थेंबही ठेवला नाही. आजी म्हणाल्या, “अजून देऊ का?”

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी चहाबरोबर पोहे. औंढ्याला नामदेवांसाठी म्हणे आख्खं देऊळ फिरलं. माझ्यासाठी एक कपबशीसुद्धा मागे फिरली नाही. दुपारपर्यंत माझा फक्त-पाण्याचा उपवास सदुग्ध, सशर्कर आणि बऱ्यापैकी आल्याचा झाला होता.

म्हणून मी धोरण बदललं. घरात बसून चहा घ्यायचा, कारण तो प्रेमाचा. बाहेर काही घ्यायचं नाही, कारण ती चैन. हा फरक बायबलात नाही, पण पाळकांना असे फरक सापडतात. ‘दिदाखे’ नावाचं फार जुनं ख्रिस्ती पुस्तक आहे, प्रेषितांच्या शिकवणुकीचं. त्यात सूचना आहे की दांभिक लोक सोमवारी आणि गुरुवारी उपवास करतात, तर तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. म्हणजे खाण्याविषयी सगळं तेच, फक्त वार वेगळा. तो लेखक शिरडला असता तर पंचाईत झाली असती. इथे सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवारी जुम्मा आणि शनिवार मारुतीचा. शिवाय चतुर्थी, एकादशी आणि शेठजींच्या अष्टमी-चतुर्दशी. आपला स्वतंत्र वार काढायचा तर आठवडा वाढवायला हवा.

बसस्टँडजवळ एक चाचा चहाची टपरी चालवतात. रमजानमध्येही त्यांनी ती बंद ठेवली नव्हती, गिऱ्हाईक तुटतं म्हणून. दिवसभर उकळत्या दुधाच्या वाफेत उभे, ओठ कोरडे, आणि हात मात्र कपांत धार धरतोय. मी तिथून मान खाली घालून जायचो. एकदा त्यांनी हाक मारलीच. “पास्टर साब, रूठे हो क्या? चाय पीके जाव.” टपरीवरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चहा टाळावा तर रुसलोय, असं ठरणार. मग मी तो घेतला. पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेतलेल्या माणसाने ओतलेला चहा, त्याच्याच समोर उभं राहून, गुपचूप उपवास करणारा पाळक पीत होता. चाचांनी विचारलं, “शक्कर बराबर?” आणि ही चव त्यांनी स्वतः पाहिलेली नव्हती.

त्या रात्री मला एक गोष्ट छळू लागली. चाचांचा रोजा गावाला ठाऊक आहे. शेठजींचं एकभुक्त ठाऊक आहे. घरमालकीण मावशींचे सोमवार-एकादशी तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर निळ्या पेनने टिकल्या मारून लिहिलेले आहेत. आणि या तिघांपैकी एकालाही ‘लोक बघताहेत का’ याची पडलेली नाही. आपला उपवास झाकून ठेवणारा गावात मी एकटा, आणि कोणाच्या काही लक्षात आलं का, हे दर तासाला तपासणाराही मी एकटाच. प्रभूंनी झोडपलेले ते परूशी चौकात उभे राहून ढोंग करायचे. त्यांना निदान प्रेक्षक तरी होते.

उपवास गुपचूप ठेवला की गाव स्वतः कारण शोधतं. पाळकाने भज्याला नाही म्हटलं, लग्नाच्या पंगतीत तो नुसता वाढत फिरला, जेवायला बसलाच नाही. निदान झालं: शुगर. मग औषधं सुरू झाली. एकाने जांभळाच्या बियांची पूड आणून दिली. एका गुरुजींनी रात्री भिजवलेल्या मेथीचं महत्त्व सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पाळतो की नाही हे बघायला आले. कारल्याचा रस एका भल्या माणसाने तांब्याभरून आणला आणि समोर उभा राहिला. फक्त पाणी, हा माझा नियम त्या दिवसापुरता मी व्यापक केला. चहापेक्षा त्या रसातच तपश्चर्या जास्त होती, असं अजूनही वाटतं. बायकोला लोक विचारायचे, तर ती शांतपणे म्हणायची, “त्यांनी मला काही सांगू नका म्हटलंय.” त्यामुळे शुगर फारच वाढलेली असावी, असं ठरलं.

इथवर निभलं असतं. पण मार्चचा शेवट म्हणजे हळदीचे दिवस. शेतातून काढलेली हळद कुकरमध्ये वाफेवर शिजते, मग अंगणात, खळ्यावर, पत्र्यावर, जागा मिळेल तिथे वाळत पडते. वाळली की पॉलिशच्या ड्रममध्ये जाते. ड्रम फिरू लागला की साल घासून निघतं आणि जी धूळ उडते ती पाहण्यासारखी असते, फक्त लांबून. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते कागदावर आहे. ड्रमशेजारी उभ्या असलेल्याला ते अंगावर मिळतं. आमच्या मंडळीतली बरीच माणसं त्या कामावर असतात. उपासनेला येता येत नाही म्हणून मीच पांढरा शर्ट घालून खळ्यावर गेलो, आणि आपणही हात लावावा म्हणून पोती धरू लागलो. मजूर मंडळींनी डोक्याला, नाका-तोंडाला रुमाल बांधले होते. माझं डोकं शास्त्राप्रमाणे तेलाने माखलेलं. धूळ सगळ्यांवर उडत होती, पण बसायला तिला जागा सापडली ती माझ्या डोक्यावर. त्यात सकाळपासून पोटात काही नाही (चहा सोडून), ऊन डोक्यावर, आणि पोतं उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मी बसलो. कशावर बसतोय ते बघितलं नाही. पॉलिश झालेल्या हळदीचा ढीग मऊ नसतो, पण उदार असतो.

घरी आलो तो डोळ्यांच्या पापण्यांपासून नखांपर्यंत पिवळा. इथे त्या दिवसांत कोण पिवळं नसतं? म्हणून वाटेत कोणी वळूनही पाहिलं नाही. मीही दमून तसाच खाटेवर आडवा झालो. आणि नेमके तेव्हाच जालन्याहून सासरेबुवा आले.

सासरेबुवांचा अभिमान दोन गोष्टींचा. एक, त्यांचं घराणं जालन्याच्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींच्या काळापासूनचं ख्रिस्ती. १८६० च्या दशकात शेषाद्रींनी जालन्याजवळ ‘बेथेल’ ही वसाहत उभी केली, तिथपासून ते आपली वंशावळ सुरू करतात. दुसरी, त्यांनी आयुष्यभर औषधाच्या दुकानात काम केलं आहे, त्यामुळे डॉक्टरला जे तपासून कळतं ते त्यांना बघून कळतं. उंबऱ्यातूनच त्यांनी मला पाहिलं. भूक? नाही. चहा? नको म्हणतात. अशक्तपणा? खाटेवर. रंग?

“कावीळ,” सासरेबुवा म्हणाले. “पुढची पायरी.”

त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं. औषधाच्या दुकानातला हळू आवाज भिंतीपलीकडे जातो. पलीकडून घरमालकीण मावशी आल्या, त्यांच्या मागे त्यांचे जिंतूरकडचे मामा आले. मामा कावीळ उतरवतात. त्यांच्या हाताला गुण आहे. कावीळ रक्त तपासून कळते, असं मी म्हटलं, तेव्हा सासरेबुवांनी, म्हणजे वैद्यकाच्या प्रतिनिधीने, मला गप्प बसायला सांगितलं. “तपासणी उद्या हिंगोलीला करू. आज हे होऊन जाऊ दे.” श्रद्धा आणि विज्ञान यांचा एवढा झटपट समेट मी धर्मशास्त्राच्या वर्गातही पाहिला नव्हता.

पितळी परात आली. तिच्यात चुन्याचं पाणी. मामांनी सांगितलं की हात त्यात बुडवून चोळायचे, मग कावीळ पिवळ्या पाण्याच्या रूपाने उतरते. अंगणात आता शेठजी होते, मेथीवाले गुरुजी होते, टपरी पोराकडे सोपवून चाचाही आले होते. मामांनी माझे दोन्ही हात धरले, काहीतरी पुटपुटत पाण्यात बुडवले आणि चोळायला लागले.

पाणी लाल झालं.

गुलाबी वगैरे नाही, लालभडक. मामांनी माझे हात सोडले. इतक्या वर्षांत त्यांच्या परातीत पिवळ्याखेरीज रंग आला नव्हता. सासरेबुवांनी दाराच्या चौकटीला धरलं. कोणीतरी म्हणालं, “रगत हाय.” माझ्या मनात क्षणभर मिसर देशातली नाईल नदी येऊन गेली, मोशेच्या काठीने रक्त झालेली. मी बायकोकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून उभी होती. रडतेय असं वाटलं.

मावशी पुढे आल्या. परातीत बोट बुडवलं, वर धरून बघितलं आणि कपाळाला हात मारला. “अय मामा! हळद हाय ही! हळदीत चुना पडला की कुंकू होतंय, हे पण इसरलाव का?”

बायको रडत नव्हती.

अंगणभर जे हसू फुटलं त्यात मामा सगळ्यात मोठ्याने हसले. रोग्याला रोगच नाही म्हटल्यावर त्यांच्या हाताच्या गुणाला बाधा येत नव्हती. मी कोपरापर्यंत कुंकवाने माखलेले हात वर धरून उभा होतो, आणि तेवढ्यात सासरेबुवांनी खटल्यातल्या वकिलासारखा प्रश्न टाकला. “कावीळ नाही, तर मग जेवत का नाही?”

“उपास आहे,” मी म्हणालो. स्वर्गातल्या पित्याला एकट्याला ठाऊक असलेली गोष्ट अशा रीतीने गुरुजी, शेठ, चाचा आणि जिंतूरचे मामा, सगळ्यांना एकदमच कळली.

“मंग सांगायचं की!” मावशी म्हणाल्या. हे म्हणणं सगळ्यांचंच होतं. त्यावर मत्तयाचा सहावा अध्याय सांगायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

त्यानंतर माझा उपवास गावाने चालवायला घेतला. मावशींनी दुसऱ्याच दिवशी साबुदाण्याची खिचडी पाठवली, मग भगर आणि शेंगदाण्याची आमटी, मग रताळ्याचा कीस, मग राजगिऱ्याचे लाडू. आमच्यात असं नसतं म्हटलं, तर “तुमच्यात नसल, उपासात हाय” असं उत्तर आलं. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव म्हणतो की मला आवडणारा उपवास म्हणजे आपली भाकर भुकेल्याबरोबर वाटून खाणं. मावशींनी यशया वाचलेला नाही, पण भुकेला कोण हे त्यांना कळलं होतं. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात. माझ्या पट्ट्याला त्या काळात एक भोक वाढवावं लागलं, बाहेरच्या बाजूला.

शेठजींनी दुकानातलं कॅलेंडर उतरवून हिशेब केला. ५ मार्च ते ईस्टरचा आदला दिवस, १९ एप्रिल. “सेहेचाळीस होतात, पास्टर. तुम्ही चाळीस म्हणता.” मी सांगितलं की रविवार धरत नाहीत, तो पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. शेठजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे आठवड्याला सुट्टी?” अष्टाह्निकेत सुट्टी नसते, हे ते बोलले नाहीत. एकभुक्त माणूस असंही कमीच बोलतो.

चाचांनी मात्र मला भागीदार करून घेतलं. दोघांचंही सुटायचं सूर्यास्तालाच, मग वेगळं कशाला? ईद होईपर्यंतच्या त्या थोड्या संध्याकाळी मी टपरीमागच्या बाकावर खजूर हातात धरून बसायचो, आणि चाचा घड्याळाकडे बघत म्हणायचे, “अभी नहीं, पास्टर साब. चार मिनट.” कोणत्याही बिशपने माझ्यावर एवढी बारीक नजर ठेवली नसेल.

रविवारी उपासनेला माझ्या वाचनपाठात आधीपासून ठरलेला उतारा होता मत्तय सहा. बदलता आला असता. पण खोली नेहमीपेक्षा भरलेली होती, मागे मावशीही येऊन बसल्या होत्या, आणि सगळे त्याचीच वाट बघत होते. पहिल्याच घरी मला चहा पाजणाऱ्या त्या आजी पुढच्या सतरंजीवर होत्या. त्यांना वाचता येत नाही. नात वाचते, त्या ऐकतात. घरात पंडिता रमाबाईंचं जुनं बायबल आहे, १९२४ मध्ये, म्हणजे रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी निघालेलं भाषांतर. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, शाळा न पाहिलेल्या बाईलाही कळावं अशा साध्या मराठीत त्यांनी ते केलं. बाई ऐकेल, समजेल आणि प्रश्न विचारेल, हा त्यांचा हेतू. पाळकाचं काय होईल, याची त्यांनी काळजी केलेली दिसत नाही.

नातीने उतारा वाचला. आजींनी हात वर केला.

“पास्टर साहेब, तेल लावा म्हणलंय ना त्याच्यात?”

“हो, आजी.”

“ते तुम्ही लावलं.”

“लावलं.”

“पण त्याच्या म्होरं तोंड धुवा म्हणलंय. ते कामून नाही धुतलं?”

पत्र्याखालची ती खोली इतकी हसली की बाहेरची कोंबडी उडाली. मी ‘उपासना संगीत’ उघडून पुढच्या गीताचा क्रमांक पुकारला आणि अर्पणाची थाळी लगेच फिरवायला सांगितली. थाळी परत आली तेव्हा तिच्यात नाणी होती, दहा-वीसच्या नोटा होत्या, आणि मधोमध, कागद न काढलेली, एक अंगाच्या साबणाची वडी.

खजिनदारांनी वही उघडली, वडीकडे पाहिलं आणि गंभीरपणे मला विचारलं, “हे दशांशात धरू, का उपकारस्तुतीत?”